मशेरीचा डबा

श्री

साखळी,
रविवार, ता. १६ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. अक्कास,
धाकट्या सत्यवतीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तुम्हीही तिकडे चोपड्याला बरे असाल.

रघुनाथ कंडक्टरने डबा आणून दिला. नारळाच्या वड्या वाटेत मोडल्या, पण ह्यांनी चुरासुद्धा ठेवला नाही. वड्यांखाली कागदात बांधलेली पुडीही मिळाली. भाऊजींचा गुडघा कसा आहे? आपल्या सुनेला, शालिनीला, सातवा लागला ना? तिला जड काही उचलायला लावू नकोस, तुझा काही भरवसा नाही.

दिवाळीला आले नाही म्हणून तू फुगून बसली असशील. ड्यूटी होती असं कळवलं होतं. तूर्त तेच धरून चाल.

इकडे आरोग्य केंद्रात एकच काम चाललंय. कॅन्सर होऊ नये म्हणून लोकांनी काय करावं, काय टाळावं, याच्या सूचना लिहून छापायच्या आणि घरोघर वाटायच्या. आधी लोकांच्या सवयी विचारून या, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून गणेश चवथीच्या आधीपासून मी कागद घेऊन वाडे पालथे घातले. तुला आठवत असेल, चवथीला घरी आले तेव्हा हात बसावा म्हणून तुझाही एक कागद भरला होता आणि तू ‘मोठी सरकारी बाई आली’ म्हणून माझी टर उडवली होतीस.

नार्वे आणि आसपास मिळून एकशे बेचाळीस बायका झाल्या. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नापुढे एकशे बेचाळीस वेळा ‘नाही’. डॉक्टरीणबाई खूश. बायकांसाठी तंबाखूचं वेगळं लिहायला नको म्हणाल्या, आणि पत्रकावर विडी ओढणाऱ्या पुरुषाचं चित्र ठरलं.

नार्व्याची गंगाबाई मला चांगली आठवते. पायरीवर बसून दात घासत होती. मी विचारलं तशी पिंक टाकली आणि म्हणाली, “शी गे बाये! आमी बायल माणसां तंबाखू खातंव काय?” मी ‘नाही’ लिहिलं. तिचं बोट काळं झालेलं मला दिसत होतं, अक्का. पण मनात काही आलंच नाही. मशेरीला आपण कधी तंबाखू म्हटलंय? बाबा विडीत ओढायचे ती तंबाखू. तीच तव्यावर भाजून कुटली की दात घासायची वस्तू झाली. नऊ वर्षांची असताना दाढ दुखली तेव्हा तूच माझ्या हिरडीला ती लावलीस. तेव्हापासून सकाळी मशेरी लावल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. आणि मी नर्स!

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात गंगाबाई केंद्रात आली. गाल सुजलेला, तोंड बोटभरही उघडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून पाहिलं आणि लगेच तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. मग तिचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “हे अक्षर तुमचंच ना?” मी हो म्हटलं, आणि मशेरीचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. एकशे बेचाळीस कागद पुन्हा! आता मी दारात उभी राहून विचारते, ‘दात कशाने घासता?’ आणि उत्तर ऐकून आधीचं ‘नाही’ खोडते.

त्या दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. “आणि तुम्ही?”

दिवाळीला मी का आले नाही ते आता लिहिते. तिखट पोहे मला खाता आले नसते. खालच्या ओठाच्या आत, मशेरी धरून ठेवते तिथे, पांढरा चट्टा आहे. चवथीच्याही आधीपासून आहे. दुखत नव्हता म्हणून मी आरशात बघायचं सोडून दिलं होतं. आता त्याच्या मधोमध चीर पडलीये. मागच्या बुधवारी म्हापशाला त्याचा तुकडा काढून तपासायला घेतला. ह्यांना दाढ काढली असं सांगितलंय. मला भीती वाटते गं. पाणी पितानासुद्धा जीभ तिथेच जाते.

पण हे पत्र मी माझ्यासाठी लिहायला बसलेले नाही. चार वेळा लिहून फाडलं.

चवथीचा गणपती पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी तू बांगड्याचं तिखट हुमण केलं होतंस. पहिल्याच घासाला तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालीस, “सत्या, जिबेक झोमता गे. म्हयनो जालो, जखम सुकना. बघ मगे जरा.” मी काय म्हटलं? उष्णता असेल, गुलकंद खा. उठलेसुद्धा नाही. तुझा कागद तर शेजारी पडला होता, ‘नाही’ लिहिलेला. लोकांना वाटायच्या सूचनांत पहिलीच सूचना मी माझ्या हाताने उतरवून काढली होती की तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर लगेच दाखवा. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडात मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या तोंडातलंही ओळखावं लागलं असतं, म्हणून. मला क्षमा करायची की नाही ते मागाहून ठरव.

त्याला दोन महिने होऊन गेले. जखम भरली असेल तर देव पावला. पण तू त्यानंतरच्या एकाही पत्रात जेवणाचं लिहिलं नाहीस, आणि तू जेवणाचं न लिहिणारी बाई नव्हेस.

बुधवारी माझा रिपोर्ट मिळणार आहे. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने नदी ओलांड आणि शिवोलीहून म्हापशाची बस धर. मी स्टँडवर उभी असेन. भात कापणीचं कारण सांगू नकोस. आधी तू डॉक्टरांना तोंड दाखवायचंस, मग मी माझा रिपोर्ट ऐकणार. तू आली नाहीस तर मी आत जाणार नाही, आणि हे धमकी म्हणूनच लिहितेय.

शालिनीला हे पत्र वाचायला दे. तीही तुझ्याच डब्यात बोट घालते, आणि पोटात मूल आहे.

तू पाठवलेली मशेरीची पुडी चुलीत टाकली. नंतर दोन दिवस सकाळी डोकं चाललं नाही. डबा धुऊन रघुनाथकडे देते आहे. त्यात फक्त तुझा कागद आहे, बघ. ‘नाही’ खोडून मी ‘हो’ केलंय, खाली माझी सही आहे. तो घेऊन ये.

स्टँडवर तुझी वाट पाहणारी, तुझ्याच हातची मशेरी लावून मोठी झालेली,
सत्या