बाबांसाठी खुर्ची

४ मार्च
बाबा आज पुन्हा प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून घसरले. आईने आणि मी मिळून उचललं. झटका येऊन महिना झाला. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. 'नाही' तेवढं स्वच्छ म्हणतात. चाळीस वर्षं सुतारकाम करताना हाताखालच्यांना तेच ऐकवलं, नेमकं तेच शाबूत राहिलं!
ठरवलं. भक्कम, हातांची लाकडी खुर्ची मीच करणार. ऑफिसात फायली उचलत असले तरी सुताराची मुलगी आहे.

७ मार्च
हत्यारं आली. परदेशी रंधा, खाचा कोरायच्या सहा पटाश्या, मखमलीच्या पेटीत. महिन्याचा पगार गेला. आई म्हणाली, "वापरायची आहेत, की शोकेसमध्ये ठेवायची?"

१२ मार्च
खुर्चीच्या मागच्या पायात खाच कोरली, आडव्या पट्टीचं टोक तिच्यात बसवलं. फट एवढी, की पोस्टकार्ड सरकेल. बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डावा अंगठा सांध्यावरून फिरवला.
"नाही."

१३ मार्च
आणखी भारी पटाशी मागवली.
बाबांना विचारलं, पाणी देऊ? "नाही." मग गटागटा प्यायले. हट्टी माणूस.

१८ मार्च
नवी पटाशी. तीच फट. "नाही."
लहानपणी त्यांच्या शेजारी बसून रंध्याच्या ढलप्या गोळा करायचे, त्यांच्या हातांकडे कधी नीट बघितलंच नाही. आता विचारू कोणाला? माणूस समोर बसलाय आणि काही विचारता येत नाही.

२० मार्च
बाबांची पेटी उघडली. त्यांची पटाशी झिजून करंगळीएवढी उरलीय, मूठ घामाने काळी झालेली. बाकीचं पोलाद गेलं कुठे? धारेच्या दगडावर. रोज सकाळी, कामाला हात लावण्याआधी. मी माझ्या एकाही पटाशीला अजून दगड दाखवलेला नाही.
दिवसभर धारच लावत बसले. दोन बोटं कापली.

२७ मार्च
टाकाऊ लाकडावर सात खाचा वाया घालवल्या. आठवी खऱ्या पायावर, बाबांच्याच पटाशीने. दोन हलक्या ठोक्यांत पट्टी बसली, फट नाही. धावत जाऊन दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवला, डोळे मिटले.
"नाही."
माझा तोलच गेला. "मग तुम्हीच करा ना!" म्हणून ओरडले. त्या लुळ्या हाताला ओरडले. आईने मला खोलीबाहेर काढलं. मागे वळून पाहिलं तर ते रडत होते.

२९ मार्च
खुर्ची जुळवली. दाखवायची हिंमत नाही.

३० मार्च
बोलणं शिकवणाऱ्या बाई पहिल्यांदाच आल्या. म्हणाल्या, "अहो, त्यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरलाय. हो म्हणायचं असलं तरी तोच बाहेर येतो."
म्हणजे कुठलं 'नाही' खरं होतं, ते आता कधीच कळायचं नाही.
बाई गेल्यावर खुर्चीपाशी बसले. एकेका सांध्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला. मागचा डावा पाय किंचित ढिला आहे. कोणी सांगितलं नाही. उद्या तो सांधा उघडते.