दोन यंत्रं, एक बॅटरी

५ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेलं झोपेतल्या श्वासाचं यंत्र ट्रकच्या केबिनमध्ये लावलं. तो मुखवटा चढवला की मी हत्तीसारखा दिसतो, असं माझ्या जोडीच्या ड्रायव्हरचं मत. मीही त्याचं नाव घड्याळकाका ठेवलंय. तो जेवणाआधी ठरल्या वेळी इन्सुलिनची सुई टोचून घेतो, जराही इकडेतिकडे नाही. औषध गार ठेवायला त्याने छोटा फ्रिज आणलाय.

गाडी चालू असते तोवर सगळं छान चालतं. पण दिवसा शहरात ट्रकला बंदी, म्हणून आम्ही रात्री गाडी हाकतो आणि दिवसा इंजिन बंद करून झोपतो. काल श्वासाचं यंत्र आणि फ्रिज दोन्ही गाडीच्या बॅटरीवरच्या इन्व्हर्टरवर ठेवले, तर संध्याकाळी स्टार्टर नुसता कटकटला. बॅटरी ठार. दुसऱ्या ट्रकला वायर जोडून गाडी उठवली. मॅनेजरने बजावलंय, पुन्हा असं झालं तर इन्व्हर्टरच काढून घेईन. तेव्हा दोन्हींपैकी एकच चालणार. मार्ग काढतो, काळजी नको.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो आटू देऊ नकोस.
तुझा,
बाबा

१३ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ‘मार्ग काढतो’ मला चांगलं ठाऊक आहे. एकच चालणार, तर कोणतं, हे लिहायचं शिताफीने टाळलंत. झोपेत तुमचा श्वास थांबतो हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. आई होती तोवर कोपर मारून तुम्हाला कुशीवर वळवायची. केबिनमध्ये कोण आहे कोपर मारायला?

मी इलेक्ट्रिशियनला विचारलं. तो म्हणाला, केबिनसाठी वेगळी बॅटरी बसवायची. गाडी चालताना ती भरते, आणि संपली तरी इंजिनाचं काही अडत नाही. मी ती सांगून ठेवलीय. या फेरीहून आलात की बसवू. तोवर यंत्र लावा, हात जोडते. काकांना नमस्कार.

तुमच्या धाकात वाढलेली, आता तुम्हालाच धाक घालणारी,
चिमणी

२० एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ.

पकडलंस. फ्रिजच चालू असतो. बंद केबिनचा दुपारी तवा होतो गं. त्याचं औषध नासेल, मी फार तर घोरेन. त्याला सांगितलंय की यंत्राने मला गुदमरायला होतं, म्हणून लावत नाही. तू मध्ये बोलू नकोस.

गंमत ऐक. हल्ली झोप झकास लागते. झोपतो पाठीवर, उठतो कुशीवर. म्हातारपणी शरीराला अक्कल आली बहुधा. आमचे घड्याळकाका मात्र बिघडलेत. डोळे लाल, सारखी चिडचिड, काल तर सुईची वेळही चुकवली. वय झालं म्हणून मी त्याला चिडवतो.

बॅटरी आणून ठेव. पुढच्या आठवड्यात येतोच.
तुझा,
बाबा

६ मे

चि. मुलीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून तुझ्या बाबांच्या शेवटच्या कार्याला येता आलं नाही.

गाडी मी चालवत होतो आणि माझा डोळा लागला, हे पोलिसांनी सांगितलं असेल. ते खरं आहे. का लागला, तेही तुला कळायला हवं. यंत्राने गुदमरतं ही थाप मला पहिल्याच दिवशी कळली होती. फ्रिज बंद करतो म्हटलं तर ते ऐकेनात, प्लगवर हात ठेवून झोपायचे. मग दिवसा ते झोपले की मी जागा राहू लागलो. श्वास थांबला की कोपर मारून कुशीवर वळवायचो. सांगितलं असतं तर मला झोपवून ते स्वतः जागत बसले असते. रात्री पुन्हा गाडी होतीच. त्या दिवशी शेजारी बसून ते तुझ्या बॅटरीबद्दलच बोलत होते, खुशीत. पुलाचा कठडा मला दिसलाच नाही.

फ्रिजला साधा ओरखडा नाही. औषध गारच होतं. मला ते टोचून घेववत नाही.

तुझा अपराधी,
काका

१४ मे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी फाडायलाच घेतलं होतं. मला तुमचा राग येतो. बाबांचाही येतो. एकमेकांपासून लपवून एकमेकांना जपत बसलात. आणि मीही बाबांचं ऐकून गप्प राहिले, तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं. बॅटरी दारामागे आहे, खोक्यातच. येता-जाता पाय अडखळतो.

पण सुई चुकवू नका. बाबांनी त्या औषधासाठी स्वतःचा श्वास पणाला लावला. ते वाया घालवायचा हक्क तुम्हाला नाही.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही. सुई घेतलीत, एवढं मात्र दर पत्रात कळवा.
चिमणी