दोन कार्बोरेटर आणि तुझा दादा

प्रिय नणंदबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझी चार होतात, आणि आज मला माझं सगळं सांगून संपवायचंय. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासूनची ही तक्रार आहे. तू पुढे माझी नणंद झालीस म्हणून ती काही मिटली नाही. तेव्हा ते दुखरे गुडघे लांब करून बस आणि निवांत वाच.

डोळे गेल्यापासून तुझा दादा कसा झाला होता, ते तू बघून गेलीसच. काचबिंदूने गेलेली नजर परत येणार नाही, उजेड-सावली तेवढी कळेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि हा माणूस बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. जन्मभर छापखान्यातल्या मशीनच्या धडधडीत वावरलेला माणूस, पण घरात एवढा गप्प, की शिवणयंत्र थांबवायची मला भीती वाटायची. त्यातच एके दिवशी म्हणाला, मोटरसायकल भाच्याला देऊन टाक, उभी राहून गंजतेय नुसती. मी तुला कळवलं, तू आनंदाने हो म्हणालीस, टेम्पोसुद्धा ठरला. मी वरवर हसले, पण आतून मला ते मुळीच आवडलं नव्हतं. माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटायला लागला की तो आवराआवर करतोय असंच वाटतं गं.

तरी म्हटलं, द्यायचीच आहे तर चालू करून देऊ. बंद पडलेली गाडी पोराच्या गळ्यात मारणं काही बरं नव्हे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने किक मारमारून घाम काढला, स्वतःचाच, आणि म्हणाला, काकू, उभ्या गाडीत पेट्रोल सुकलंय, दोन्ही कार्बोरेटर जाम आहेत. एक असता तर बघितलं असतं, पण हे जोडीचं प्रकरण माझ्या गळ्यात घालू नका. तो गेला आणि माझ्या अंगात आलं. लग्न झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी तुझ्या दादाला मी हेच करताना बघितलंय, शंभरदा पाना हातात दिलाय, वर बोलणीही खाल्लीत. व्हरांड्यात जुनी चादर अंथरली आणि बसले. टाकीची तोटी बंद केली, पट्ट्या सैल केल्या, हिसके देऊन दोन्ही बाहेर काढले. खालच्या वाट्या उघडल्या तर आत पेट्रोलचा नुसता डिंक झालेला, आणि वास असा की शेजारणीने धाडकन खिडकी लावून घेतली. मी आपलं सगळं सुटं केलं आणि सरसकट पेट्रोलच्या डब्यात घातलं, मळके कपडे भिजत घालतात तसं.

आता त्यात जेट म्हणून पितळेचे इवलेसे स्क्रू असतात. मधून केसाएवढं भोक, त्यातूनच इंजिनाला मापाने पेट्रोल जातं. ती भोकं पार बुजली होती. बुजलेलं भोक बघून शिंपिणीला दुसरं काय सुचणार? शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई काढली आणि घातली आत. एखादाच फेरा दिला असेल, तोच आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तुझ्या दादाचा. सुई ठेव आधी खाली, पितळेत सुई घालतात होय? अगदी छापखान्यातला आवाज, चालू मशीनच्या वर चढवायचा तो. रेडिओ चालू, दार अर्धं लोटलेलं, आणि या माणसाने पितळेवर सुई खरडल्याचं ओळखलं. भिंतीला हात लावत बाहेर आला आणि मला असं फैलावर घेतलं की विचारू नकोस. पितळ मऊ असतं, भोक जरासं वाढलं तरी गाडी ढसाढसा पेट्रोल पिते, एवढी वर्षं काय डोळे मिटून पाना देत होतीस का, एक ना दोन. मी बोलणी खात होते आणि मनातून इतकी सुखावले होते की ओरडून घे बाबा, असं म्हणावंसं वाटलं.

मग तो चादरीवरच बसला आणि हात पुढे केला. जेट ओठांशी धरून फुंकर मारली, नखाने चाचपला आणि म्हणाला, वाचलीस. जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून आण, पायपंपही आण. मी तार हलकेच घालून मळ सोडवायचा, वर पंपाने हवा मारायची, आणि त्याने दोन्ही जेट आळीपाळीने फुंकून बघायचे, सारखीच हवा जाते की नाही. मला चष्मा लावूनही जे दिसत नव्हतं ते त्याला ओठांना कळत होतं. माझा दुसरा पराक्रम मात्र तेवढ्यात उघड झाला. वाट्यांमधली रबराची रिंगणं मी पेट्रोलात बुडवलेली, ती फुगून लांबली आणि खाचेत बसेचनात. आता टेम्पो येईपर्यंत नवी रिंगणं आणायची कुठून? मी रडकुंडीला आले. तुझा दादा कितीतरी महिन्यांनी हसला. म्हणाला, अगं, कापड भिजलं की आटतं, याचं उलटं आहे, वाऱ्यावर ठेव, पेट्रोल उडालं की येईल जाग्यावर. दुसऱ्या दिवशी रिंगणं खाचेत गपकन बसली. सकाळी चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरही झाली, ती मी मुकाट ऐकून घेतली.

सगळं जोडून गाडी उभ्या स्टँडवर घेतली. किक त्यानेच मारली, मला हात लावू दिला नाही. बराच वेळ खोकून गाडी सुरू झाली, पण लंगडत होती. मेकॅनिक आवाज ऐकून धावत आला आणि म्हणाला, जुन्या गाडीच्या मानाने झकास आहे, द्या आता. तुझा दादा म्हणाला, झकास नाही, डावा दमतोय आणि उजवा पळतोय. मागे स्टूल मागवलं आणि दोन सायलेन्सरांच्या तोंडांपासून जरा अंतरावर दोन तळवे धरून बसला. तिथूनच मला सांगत होता, डाव्याचा स्क्रू जरासा आत, अजून, थांब, एवढा नको, उजवा किंचित बाहेर. मी वाकून पेचकस फिरवतेय, मेकॅनिक तोंड उघडं टाकून बघतोय, आणि गाडीचा आवाज हळूहळू एकसारखा होत गेला. मग तो म्हणाला, बास. दोन्ही हातांवर सारखा वारा येतोय. काजळीने काळे झालेले हात तसेच मांडीवर ठेवून तो ऐकत बसला. मी भर व्हरांड्यात सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

आता नवीन बातमी. मेकॅनिकने गल्लीत बोभाटा केलाय. काल एक गिऱ्हाईक अशीच जोडीच्या कार्बोरेटरची गाडी घेऊन आलं, तर तो काकांना न्यायला दारात हजर. तुझ्या दादाने आधी धुतलेला शर्ट मागितला. मग मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवून निघाला तो जेवायच्या वेळेलाच परतला, आणि जेवताना त्या गाडीच्या मालकाची यथेच्छ निंदा केली.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. रागावलीस तरी चालेल. टेम्पो पाठवू नकोस, गाडी मी देत नाही. कबूल केलेली वस्तू मागे ठेवणं वाईट दिसतं, हे मला कळतं. दोष त्याला देऊ नकोस, तो अजूनही दे म्हणतोय, शब्द मीच फिरवतेय. पोराला मात्र जरूर पाठव. चालवू दे त्याला मनसोक्त, मामा मागे बसेल, कान देऊन ऐकेल आणि गिअर चुकला की पाठीत धपाटा घालेल. पण संध्याकाळी गाडी आमच्याच व्हरांड्यात उभी राहील. नुसती गाडी असती तर हसत दिली असती गं. पण त्या टेम्पोत तिच्यासोबत तुझा दादाही निघून गेला असता, आणि तो मला अजून हवाय.

तुझीच,
शब्द फिरवणारी वहिनी