उताराचा ट्रॅक्टर

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

गोरेगाव, जि. हिंगोली,
भाद्रपद वद्य पंचमी, २००६

प्रिय विजू,

अनेक आशीर्वाद.

आला बाबा एकदाचा. लहान ट्रॅक्टर, अठरा एचपीचा, एक लाख ब्याण्णव हजार. मागे लावायचं गवत कापायचं यंत्र एकतीस हजार पाचशे. बसणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारी लोखंडी कमान आणि कमरेचा पट्टा वेगळा मागवावा लागला, नांदेडहून यायला सतरा दिवस लागले, त्याचे सात हजार दोनशे. हार, नारळ नि पेढे मिळून एकशे पासष्ट. दुधाचे साठलेले होते, वर दोन म्हशी विकल्या, कोणापुढे हात पसरावा लागला नाही, नागनाथाची कृपा. पितृपक्ष लागायच्या आत, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दारात आणला. आता पक्षात नवं काम सुरू करायचं नाही म्हणून ताडपत्री टाकून उभा आहे. तुझे दाजी दिवसातून चारदा ताडपत्री उचलून बघून येतात. आत्याबाई लेकाकडे बघून म्हणतात, "म्हशीला रेडकू झाल्यावर बी इतक्या चकरा मारल्या न्हाईत यानं."

तुला वाटेल, अक्का ट्रॅक्टरचं काहून लिहून राहिली. तुझ्यासमोर ट्रॅक्टरचं नाव काढू नये, हे मला कळतं. आठ वर्षं झाली, तू या घराचा उंबरा चढला नाहीस. राखीला मीच एसटीनं वसमतला येते, हळदीच्या आडतीवर पोत्यावर बसून तुझ्या हाताला बांधते, तू चहा मागवतोस. दाजी कसे आहेत विचारतोस, मी बरे आहेत म्हणते, मग दोघंही हळदीच्या भावावर बोलतो. फोन केला तर हां, हूं. म्हणून पत्र. पत्र फोनसारखं मधेच ठेवून देता येत नाही. आणि मला काय पाहिजे ते आधीच सांगते, म्हणजे शेवटापर्यंत शोधायला नको. मला तू घरी यायला हवा आहेस, घटस्थापनेच्या आत.

आपल्या टेकडीचा उतार तुला ठाऊकच आहे. सहा एकर नुसतं गवत. यंदा पाऊस बरा, मारवेल गुडघ्याच्या वर गेलंय, चाललं की पाय दिसत नाहीत. नऊ म्हशी, एकेचाळीस शेळ्या त्याच्याच जिवावर. पण कापायला माणूस नाही. मागच्या साली जनकाबाई नि तिची सून अशा दोघीच आल्या. सोळा दिवस कापलं तरी अर्धं गवत वाळून कुसळं झालं, शेळ्यांच्या तोंडात रुतलं. शेवटच्या दिवशी जनकाबाई विळ्यासकट घसरली. लागलं नाही, पण खाली बसून म्हणाली, "बाई, पुढच्या साली मला बोलावू नका, माझं वय हाय का डोंगर चढायचं?" तेव्हाच दाजींनी ठरवलं की ट्रॅक्टर घ्यायचा.

ट्रॅक्टर म्हटल्यावर मला आठ वर्षांमागचा दिवस आठवला. तो दिवस तुला मी सांगायला नको. तू मोठा ट्रॅक्टर उतारावर आडवा चालवत होतास, दाजी चाकावरच्या पत्र्यावर बसले होते, आपल्याकडे सगळेच बसतात. वरचं चाक दगडावर चढलं आणि ट्रॅक्टर खालच्या अंगाला कलंडला. तू वरच्या बाजूला फेकला गेलास, दाजी खाली. डावा पाय दोन जागी मोडला. जीव वाचला ते देवाच्या दयेनं. तेव्हापासून ते पाय ओढत चालतात, आणि तेव्हापासून आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सुनेच्या भावानं माझ्या लेकाचा पाय मोडला. चालवता येत न्हाई तर बसावं कशाला?" तू एकदा ऐकलंस, मान खाली घातलीस आणि गेलास.

दाजींना परत मोठाच हवा होता. गावात मोठ्या ट्रॅक्टरला मान असतो ना. लहान बघितला की लोक विचारतात, याचा बाप कुठं राहिला. मी म्हटलं, मान नको, पाय हवेत. आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं, म्हणजे भाकरी वाढताना तेवढं. शेवटी असं ठरलं की हिंगोलीच्या हिरासिंग मिस्त्रीला आणून उतार दाखवायचा आणि तो म्हणेल ते दोघांनी ऐकायचं.

हिरासिंग आला तो गवंड्याची पाण्याची नळी घेऊन. ट्रॅक्टर विकत घ्यायच्या आधी डोंगर मोजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, "बाई, मॅट्रिक झाल्यात न्हवं? मग लिवून घ्या." दहा हात आडवं जायचं आणि किती हात खाली गेलं ते बघायचं. दोन हातांच्या आत उतार असेल तिथे ट्रॅक्टर चालेल. दोन ते तीनच्या मधे फक्त सरळ खालून वर, वरून खाली, आडवा कधीच नाही, आणि गवतावर दव असेल तर तेही नाही. तीनच्या वर विळा. सहा एकरात सव्वाचार एकर यंत्राचं निघालं, बाकीचं विळ्याचं. मी त्या हद्दीवर चुन्याच्या खुणा करून घेतल्या. दाजी म्हणाले, "इतकी भिऊन राहिली तर सगळंच विळ्यानं काप." हिरासिंग हसला. "मालक, भितात तेच म्हातारे होतात."

मग दुकानात गेलो. विकणारा पोरगा फार गोड बोलणारा. त्यानं एक उंच, दिसायला झोकदार ट्रॅक्टर दाखवला आणि बाजूला लोंबणारी कात्रीच्या दातांची पट्टी. हिरासिंगनं पट्टी हातानं उचलून बघितली आणि म्हणाला, "सपाट रानात बराबर हाय. उतारावर हीच एका अंगाला ओढंल." आम्ही घेतलेलं यंत्र बरोबर मागे मधोमध बसतं. ट्रॅक्टर बुटका, पोट जमिनीजवळ, डावा-उजवा ब्रेक एकत्र जोडायची कडी आहे, आणि उतरताना लहान गिअरमधे इंजिनच त्याला धरून ठेवतं, ब्रेकवर उभं राहायची पाळी येत नाही. चाकावरच्या पत्र्यावर मिस्त्रीनं तिरका गज जोडून दिला, म्हणजे दुसऱ्या माणसाला टेकायला जागाच नाही. मला सगळ्यात हाच गुण आवडला. आणि मागची चाकं पालथी करून बाहेर काढली की रुंदी हातभर वाढते, ट्रॅक्टर सहज कलंडत नाही.

तिथेच दुकानात मिस्त्रीनं विचारलं, "तवाचा मोठा उलटला, त्याची चाकं बाहेर होती का आत?" दाजी म्हणाले, "कोणास ठाऊक. विजूलाच माहीत." हिरासिंग म्हणाला, "ट्रॅक्टर डायवर न्हाई उलटवत दरवेळी. आत घेतलेली चाकं उलटवतात. उतारावर तसा घातला तर मी बी पडलो असतो." विकणाऱ्या पोरानं पाणी आणलं. मी पेला हातात धरून बसले. दाजींनी दोनदा विचारलं, ऊन लागलं का. मी मान हलवली.

ट्रॅक्टर घरी आल्यावर सपाट रानात दाजींनी एक चक्कर मारली. कमरेचा पट्टा लावायला सांगितला तर म्हणाले, "मी काय विमानात बसलोय?" पण लावला. चेहरा असा खुलला होता विजू, की आमच्या लग्नात वरातीच्या घोड्यावर तरी इतका खुलला नव्हता. शेजारचे मोहनसिंग कुंपणाशी उभे राहून ओरडले, "संतराम, बकरीचं पिल्लू आणलं का रं?" हे इकडून म्हणाले, "गवत तर बकरीच खाती न्हवं?" सगळे हसले. मग ट्रॅक्टर थांबवताना डावा पाय क्लचवर पूर्ण दाबला गेला नाही, ट्रॅक्टर दोन हात पुढे जाऊन झटका खाऊन बंद पडला. सपाटावर काही बिघडलं नाही. उतरले आणि बराच वेळ ताडपत्रीच्या दोऱ्या बांधत बसले. रात्री जेवताना मान वर न करता म्हणाले, "उतारावर मी न्हाई चालवणार. दोन पाय धड असलेला माणूस पाहिजे." मी गावातली दोन-तीन नावं घेतली. त्यांनी एकेकाला काट मारली. हा पितो, तो घाई करतो, तिसरा ऐकत नाही. मग म्हणाले, "सांभाळून चालवणारा मला एकच माहीत हाय. पण तो यायचा न्हाई."

ती रात्र मी झोपले नाही. सकाळी देवपूजा झाली, दिवा लावला, आणि आत्याबाई नि हे दोघंही चहाला बसलेले असताना मी सांगून टाकलं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी इथे लिहिते, कारण आठ वर्षांत मी ते एकदाही तोंडानं किंवा हातानं उच्चारलं नाही. विहिरीखालच्या उसाच्या कोळपणीसाठी, सरीत मावावीत म्हणून, चाकं आत घेतली होती. उसाचं अर्धं काम राहिलं होतं. तू त्या सकाळी मला येऊन म्हणालास, अक्का, मिस्त्रीला बोलव, चाकं बाहेर काढू, मग उतारावर जातो. आणि मी म्हटलं, आज बाहेर काढायची नि परवा उसासाठी परत आत घ्यायची, दोनदा मिस्त्रीला पैसे कशाला, एवढं गवत तसंच कापून घे. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि गेलास. थोरल्या बहिणीचा शब्द मोडायचा नाही म्हणून गेलास. नंतर दवाखान्यात, पंचांसमोर, आत्याबाईंसमोर तू हे कुणालाही सांगितलं नाहीस, आणि मीही तुला गप्प राहू दिलं. सासरी माझं तोंड खाली होऊ नये म्हणून तू तुझं खाली केलंस. मी रोज देवाला हात जोडत होते विजू, आणि रोज हेच तेवढं वगळत होते.

दाजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पत्र्यावर तर मीच बसलो होतो ना, मला कुणी सांगितलं होतं?" एवढंच, आणि कप उचलून गोठ्यात गेले. आत्याबाई त्या दिवशी माझ्या हातचं जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या. तिसऱ्या दिवशी मोहनसिंगांच्या घरी बसून स्वतःच सांगून आल्या, "पोरावर आळ घेतला आमी, दोष घरातच होता." आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "त्याला लिव. मी बोललेली, तर मीच त्याच्यासमोर ते मागं घेईन. पण आल्यावर, कागदावर न्हाई." तेव्हा हे पत्र. घटस्थापनेच्या दिवशी घट बसले की उतारावर पहिला फेरा मारायचा आहे. चाकं बाहेर काढून घेतली आहेत, मिस्त्रीचे पैसे मी स्वतः दिले. तू चालवलास तर चालव. नाहीच जमलं, तर नुसता चुन्याच्या रेषेवर उभा राहून दाजींच्या शेजारी बघ, मी गावातला दुसरा कोणी शोधीन. आणि माझ्यावर राग असेल, असायलाच हवा, तर तो घेऊनही ये. मला तो माझ्या घरात बसून ऐकायचा आहे, आडतीवरच्या पोत्यावर नाही. येतोस की नाही, एवढं उलट टपाली कळव. पोस्टमन दुपारी बाराला येतो, मी ओट्यावरच असते.

तुझीच,
सत्यशीला अक्का