पाय आमच्याकडचे

ता. २ मार्च, सकाळी

नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी तक्रार. विहीणबाईंचा फोटो पेपरात आलाय. खाली छापलंय, 'भिंगरीचे पाय आजोळचे'. जगातल्या पोरींबरोबर साठ मीटर पळायला निघाली माझी नात, आणि पाय म्हणे सुनेच्या आईचे! शाळेत असताना विहीणबाईंनी म्हणे पोत्याच्या शर्यतीत पहिला नंबर काढला होता. पोत्यात पाय दिसतात तरी का?

पळणं आमच्या घराण्यात आहे. आमचे हे तर लग्नानंतर दोनदा पळाले. दोन्ही वेळा परत आले, ते वेगळं.

ही वही डॉक्टरनं ब्लडप्रेशर लिहायला दिली. आजचं लिहीत नाही. ते माझं नाहीच, पेपरवाल्यांनी वाढवलेलं आहे.

ता. २, दुपारी

पेपरच्या ऑफिसला फोन केला. एक पोरगी म्हणाली, होल्ड करा आजी. गाणं लावून दिलं. गाणं संपलं, फोनही संपला.

ठरलं. आजपासून विहीणबाईंशी अबोला. जन्माचा.

ता. ४

मुलगा म्हणाला, आई, तिकिटं मिळाली. मी, तू आणि भिंगरीची आजी. मी म्हटलं, भिंगरीची आजी मीच. तो म्हणाला, दुसरी. सुनेला रजा नाही म्हणून तिच्या आईची वर्णी. हॉटेलात खोल्या दोन. दोघी आज्या एकीत.

पोटच्या पोरानं केसानं गळा कापला.

ता. ५

भिंगरीचा कोच सांगत फिरतो, पळायला मीच शिकवलं. सांगू दे. आमच्या लाँड्रीमागचा बोळ, दोन्ही बाजूंना ओल्या चादरी, आणि ही एवढीशी. इस्त्रीचा गठ्ठा तिच्या हातात द्यायचा आणि मी ओरडायचं, 'सूट गं!' की पोर दुसऱ्या टोकाला. घडी मोडायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, कपडे अजून गरम आहेत की!

तेव्हा बेत असा. तिथं टीव्हीचे कॅमेरे असतात. बंदूक वाजली रे वाजली, की मी तीच हाक देणार. कळू दे सगळ्यांना पाय कुणाचे ते. लाल शाल पांघरणार, म्हणजे गर्दीत उठून दिसेन. विहीणबाईंचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होईल. बघायला मी शेजारीच असणार.

डॉक्टर म्हणालाय, ओरडायचं नाही. एका हाकेला ओरडणं म्हणत नाहीत.

ता. ९, हॉटेल

अबोला चालू. अबोल्यातच सांगितलं की खिडकी बंद राहील. त्या म्हणाल्या, बरं विहीणबाई. मग अबोल्यातच सांगितलं की घोरायचं नाही. त्या म्हणाल्या, बरं. भांडायलाही येत नाही या बाईला धड. नुसतं गोड बोलून माणसाचा जीव घ्यायचा.

ता. १०, सकाळी

मुलगा म्हणतो, आई, तुझं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू आलं. मी म्हटलं, त्यांचं असेल. तो म्हणाला, आई, तुझा आवाज मी ओळखत नाही का?

माझ्या नावावर घोरतात आता.

मग त्यानं नियम समजावले. हॉल बंदिस्त आहे, आवाज घुमतो. पंच 'सेट' म्हणाला की पोरी कंबर उचलून थांबतात. बंदुकीआधी जी सुटली ती बाद, दुसरी संधी नाही. तेवढा वेळ कुणी खोकायचंसुद्धा नाही. हे शेवटचं माझ्याकडे बघून. मी म्हटलं, नियम पोरींना असतात, आज्यांना नाही. तो म्हणाला, आई, प्लीज.

ता. १०, दुपारी

अक्षर वाकडं येतंय. वय झालं. बाकी काही नाही.

हॉलमध्ये एसी मरणाचा. विहीणबाई कुडकुडायला लागल्या. मुलानं माझ्या खांद्यावरची लाल शाल ओढली आणि त्यांना पांघरली. म्हणाला, आई, तुला तर कायम उकडतंच. बेत तिथंच अर्धा बोंबलला. म्हटलं, शाल गेली तर गेली, गळा तर आपलाच आहे.

भिंगरीची हीट, म्हणजे पहिली फेरी, लागली. पोरी खाली वाकल्या. पंच म्हणाला, सेट. सगळा हॉल चिडीचूप. भिंगरीची कंबर वर. मला बोळ दिसला, चादरी दिसल्या. आणि तो बंदूकवाला नुसता उभा. त्याला काय घाई? पगारी माणूस.

बंदुकीला उशीर झाला. माझी हाक वेळेवर होती.

भिंगरी सुटली. एकटीच. बाकीच्या जागच्या जागी. मागून बंदूक वाजली ती सगळ्यांना परत बोलवायला. पंच लाल कार्ड घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. पोर दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसली. लहानपणापासूनची मेहनत, आणि एक पाऊल.

कोच पायऱ्या चढत आमच्या रांगेपाशी आला. तोंड पांढरं. म्हणाला, कोण ओरडलं? लवकर सांगा. आवाजानं दचकली असं पंचांना पटवता येईल, पण कुणीतरी कबूल करायला हवं.

मी पिशवीत चष्मा शोधत होते. जरा वेळ लागला, कारण तो डोळ्यांवर होता.

तेवढ्यात विहीणबाई उभ्या. लाल शाल सावरत म्हणाल्या, मी ओरडले. म्हातारी आहे, राहवलं नाही, पोरीला शिक्षा नको. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे.

खाली बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी हिरवं कार्ड निघालं, म्हणजे कुणीच बाद नाही. पुन्हा सेट. या वेळी मुलानं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. गरज नव्हती, मी श्वासही घेत नव्हते. भिंगरी दुसरी आली. शेवटच्या भिंतीला गादी लावलेली असते, तीत जाऊन आदळली. काय तो जोर! आमच्याकडचा.

संध्याकाळी सेमीफायनल.

ता. १०, दुपारचं जेवण झाल्यावर

हॉटेलातल्या खालच्या टीव्हीवर लाल शाल. माझी शाल, आत विहीणबाई. निवेदक म्हणतो, काय ही प्रामाणिक आजी! वेटरनं त्यांना फुकट आइस्क्रीम आणून दिलं. मला विचारलंसुद्धा नाही.

चोरी करावी तर किती? आधी पाय घेतले, मग शाल. आता माझी हाकही घेतली. माझं ओरडणं माझ्या देखत स्वतःच्या नावावर करून घेतलं, आणि वर आइस्क्रीम.

ठरलं. खरं काय ते मीच जाहीर करणार. आज नको, पोरीचं लक्ष विचलित होईल. मेडल मिळाल्यावर. किंवा ब्लडप्रेशर उतरल्यावर.

ता. १०, चार वाजता

भिंगरीचा मेसेज आला. मुलानं दोघींसमोर वाचला. 'लहानपणी काय, आज काय, ती हाक आली की माझे पाय मला विचारत नाहीत. म्हणून जी ओरडली तिनं संध्याकाळी हॉटेलवरच थांबायचं. कोण ते मला माहीत आहे, पण तिच्या तोंडून ऐकायचंय. खोलीवर फोन करते.'

आलं की नाही लेखी? पाय कुणाच्या हाकेचे? माझ्या! आता छापा म्हणावं पेपरात.

मुलगा टॅक्सी बघायला गेला. जाताना म्हणाला, आई, आता तू बघ.

विहीणबाईंनी शालीची नीट घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, पाय तुमच्याकडचेच हो विहीणबाई. मी पेपरला कळवते. संध्याकाळी पोरीला काही निरोप द्यायचाय का?

बघा कावा! मला जिंकवून घरी बसवायचं, आणि स्वतः पुढच्या रांगेत.

फोन वाजतोय. त्या माझ्याकडे बघतायत. मी लिहितेय, दिसत नाही का?

शाल उलगडून परत त्यांच्या खांद्यावर टाकली. कबूल कुणी केलं? टीव्हीवर कोण आलं? आइस्क्रीम कुणी खाल्लं? मग उत्तरही तिनंच द्यायचं, हॉटेलवरही तिनंच थांबायचं. उचला विहीणबाई. मी आंघोळीला गेलेय म्हणून सांगा.