कृपया थांबा

दादा,

वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावलास, तर अजून माझाच रेकॉर्ड केलेला आवाज येतो: 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा.' आई रोज दुपारी तिथे फोन लावते आणि त्या आवाजाशी गप्पा मारत बसते. मी शेजारून म्हटलं, "आई, मी इथेच आहे गं," की माझ्यावरच डाफरते, "हळू बोला हो बाई, माझी लेक फोनवर आहे."

उद्यापासून कंपनी यंत्राचा आवाज लावणार. मी साहेबांच्या हातापाया पडले. ते हसले. "अहो, तो फोन उचलायला माणूस कधी नव्हताच."

मग इतकी वर्षं मी लोकांना थांबवलं कशासाठी? तुला विचारलं असतं, पण तूही फोन उचलत नाहीस. हे पत्रही पाठवणार नाही. उत्तराची वाट बघायचं बळ उरलेलं नाही.

आज स्वयंपाकघरातून मीच आईला फोन लावला आणि तेच वाक्य म्हटलं.

"थांबते गं," ती म्हणाली. "पण कुणासाठी, तेवढं सांग ना."

मी पुन्हा म्हटलं, कृपया थांबा.

फोन अजून हातातच धरून बसलेली,
तुझी धाकटी