डाव्या पंखाचे खिळे

४ एप्रिल २०१७, अड्याळ
आंधळगावात वीस वर्षं कपाटं आणि दिवाण बनवले, आज थेट विमानाला हात लावला! यादोराव रिटायर्ड मास्तर. गोडाऊनात लाकडी विमान बांधतात. त्यांची लेक खुशबू विमान उडवायला शिकून आली आहे, पहिलं उड्डाण तीच करणार. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी आग्रहानं जेवू घातलं.
माझं काम पंखाच्या सांगाड्याला प्लायवूड चिकटवायचं. गम धरेपर्यंत बारीक खिळे ठोकायचे, मग उपटायचे. दर वेळी कालवलेल्या गमनं चाचणीचा एक तुकडाही जोडायचा आणि दुसऱ्या दिवशी मोडून बघायचा. लाकूड फाटलं तर जोड पास, गमवरून सुटला तर पंख उघडायचा.

२ मे
गम सकाळच्या गारव्यातच कालवायचा, हा नियम. मी बाजारात गप्पांत रमलो, भर दुपारी कालवला. वाटीतच गुळाच्या पाकासारखा घट्ट झाला. तसाच डाव्या पंखाला फासला.

३ मे
चाचणीचा तुकडा गमवरून अलगद सुटला. कालच चारचौघांत यादोराव म्हणाले होते, "याच्या हाताले तोड नाही." आता कोणत्या तोंडानं सांगू? तुकडा चुलीत घातला, जुना चांगला दाखवला. त्यांनी न तपासता पास केलं. जेवण गेलं नाही.

१९ मे
डाव्या पंखाचे खिळे मी स्वतः उपटले होते. आज पुन्हा आहेत. टोकं बाहेर. बंद पंखाच्या आतून ठोकलेले.

२७ मे
खुशबूनं त्याच टोकांवरून हात फिरवला. "काका, मस्त जमलं. मले तं एकही खिळा दिसत नाही." मी हात लावला, रक्त आलं. माझं पाप मलाच दिसतं.

३ जून
पंखातून ठोकण्याचा आवाज. दोन हलके, एक जोरात. मी ठोकतो तसेच. माझाच हात—

५ जून
उद्या उडणार. सांगायला तीनदा गेलो. तीनदा चहा पिऊन आलो. मी हलकट आहे.

६ जून, सुकलेल्या तलावातल्या धावपट्टीवर
सुलोचनाबाईंनी लेकीला ओवाळलं. खुशबू विमानात बसली. सांगायला तोंड उघडलं तर— काम करताना ओठांत धरतो ना, तसे खिळे. तोंडभर. जीभ हलत नाही. यादोराव माझे मिटलेले ओठ बघून हसले, म्हणाले सुतार आजही कामातच आहे.
लिहून दाखवतो. खुशबू, उतर. डाव्या पंखाचा जोड कच्चा आहे. मी लपवलं.
वही घेऊन धाव— चाकं सुटली जमिनीवरून. ती वरून हात हलवतेय, तिला वाटतंय मी टाटा— डावा पंख